गुंफेवरचा मठ : मंडपेश्वर पाहताना होणाऱ्या दोन चुका

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



पत्रिकेत आजचा विषय ‘टेकडीवरचा कॅथलिक मठ : इतिहास आणि वास्तू’ असा छापला आहे. मघाशी आत येताना एका काकांनी विचारलं, “इटलीचा प्रवास दाखवणार का?” (हशा) तर तसं काही नाही. आपल्याला ज्या मठाकडे जायचं आहे तिथे ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने बसने जाता येतं. डोंबिवली-कल्याणच्या मंडळींनी दादरला गाडी बदलायची आणि बोरिवलीला उतरायचं. पश्चिमेला आय. सी. कॉलनीच्या बाजूला एक टेकाड आहे. त्याच्या पोटात मंडपेश्वरची शैव गुंफा आहे आणि बरोबर तिच्या डोक्यावर फ्रान्सिस्कन मठाचे उघडे पडलेले अवशेष आहेत.

आता कोणी म्हणेल, बोरिवली मुंबईत आहे, मग ठाण्यात हे व्याख्यान कशाला? कारण साष्टी बेटाचा इतिहास ठाण्याच्या कागदांत आहे. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मंडपेश्वर सापडतं. उपनगरांचा वेगळा जिल्हा त्यानंतर, विसाव्या शतकात झाला. आणि फ्रान्सिस्कनांचं ठाण्याशी नातं पोर्तुगिजांच्याही आधीचं आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू या ठाण्यात मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा त्यांचाच एक पंथबंधू इथे आला आणि त्यांच्या अस्थी पूर्वेकडे घेऊन गेला. म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी या पंथाच्या लेखी ठाणं हे हौतात्म्याचं गाव होतं. सोळाव्या शतकात साष्टीत आलेल्या फ्रान्सिस्कनाला ही भूमी अगदीच अनोळखी नव्हती, एवढं ध्यानात ठेवू.

माझं आजचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. मंडपेश्वरला खाली एक वास्तू आणि वर दुसरी वास्तू अशा दोन वास्तू आहेत, असं आपण समजतो. वास्तू म्हणून ती आता एकच आहे. वरच्या मठाचा पाया म्हणजे खालच्या गुंफेचं छत. ही गोष्ट सोडून तिच्याबद्दल जे काही बोललं जातं, ते मला अपुरं वाटतं आणि काही वेळा घातकही वाटतं.

आधी खालचं बघू. गुंफा साधारण सहाव्या शतकातली. जोगेश्वरी आणि घारापुरी ज्या घराण्यातल्या, त्याच घराण्यातली ही धाकटी. पुढे खांबांची ओळ, मग मंडप, त्यामागे गाभारा आणि बाजूला दालनं. बाजूच्या एका दालनात नृत्यमग्न शिव आहे आणि त्याच्याभोवती देवगण आहेत. घारापुरीची भव्यता इथे नाही. पण खांबांवरची घडण पाहिली की कारागीर त्याच हाताचे होते हे कळतं. या काळातल्या शैव गुंफा पाशुपत साधूंच्या परंपरेशी जोडल्या जातात. अंगाला राख फासणारे, भिक्षेवर जगणारे, घरदार सोडलेले लोक.

आता मधली जवळजवळ हजार वर्षं ओलांडू. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात साष्टी आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत आंतोनियो द पोर्तो नावाचा फ्रान्सिस्कन या भागात कामाला लागला. त्याच्याबद्दलची बरीचशी माहिती आपल्याला दियोगु द कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराकडून मिळते. कान्हेरीच्या एका भुयारात हा माणूस सोबती आणि शिधा घेऊन शिरला आणि सात दिवस चालत राहिला, अशी गोष्ट कोतु सांगतो. भुयाराचं खरंखोटं बाजूला ठेवा. माणूस कसा होता ते त्यातून कळतं. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहात सेंट मायकेलचं चर्च थाटलं गेलं ते त्याच काळात. आणि मंडपेश्वरच्या गुंफेत जे योगी राहत होते ते गेले, तिथे फ्रान्सिस्कन आले, गुंफेचं प्रार्थनास्थळ झालं. सोळाव्या शतकाच्या मध्यावर टेकाडाच्या माथ्यावर चर्च, मठ आणि धर्मांतरितांच्या मुलांसाठी विद्यालय उभं राहिलं. देवळांकडे लावून दिलेल्या जमिनींचं उत्पन्न पोर्तुगीज राजाच्या हुकमाने या विद्यालयाकडे वळवलं गेलं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. दगडाआधी उत्पन्न बदललं. कोणत्याही मठाचा इतिहास बघताना मी आधी विचारतो, याच्या चुलीला लाकूड कुठून येत होतं? इथे उत्तर सरळ आहे. जे उत्पन्न देवाच्या दिवाबत्तीला होतं, ते आता पाद्र्यांच्या शाळेला मिळू लागलं.

आता वर जाऊ. बाजूने चढून गेलं की जाडजूड, उंच, बिनछपराच्या भिंती दिसतात. ओबडधोबड दगड, चुना, दारं-खिडक्यांची मोकळी भोकं. नक्षी जवळपास नाही. इथे मला टीकाकार म्हणून स्पष्ट बोललं पाहिजे : निव्वळ इमारत म्हणून हा मठ सामान्य आहे. वसईच्या किल्ल्यात याच पंथाचं सेंट अँथनीचं चर्च आहे. तिथल्या कमानी आणि जमिनीत बसवलेले थडग्यांचे लेखांकित दगड यांच्यापुढे मंडपेश्वरच्या भिंती साध्या वाटतात. खालच्या गुंफेतल्या खांबांशी तर तुलनाच नको. फ्रान्सिस्कनांचं दारिद्र्याचं व्रत होतं, हे कारण काही अंशी खरं आहे. पण वसईतही तेच फ्रान्सिस्कन होते.

मग या मठात बघण्यासारखं काय? त्याची जागा. वास्तूचा एकच मोठा निर्णय इथे घेतला गेला आणि तो म्हणजे बसायचं कुठे.

जुन्या गोव्यातल्या मोंत सांतु, म्हणजे पवित्र टेकडीशी ताडून बघा. तिथे ऑगस्टिनियनांनी १५९७ ते १६०२ या काळात अवर लेडी ऑफ ग्रेसचं चर्च बांधलं. त्याचा बुरूज जवळपास ४६ मीटर उंच होता. त्याचा निम्मा भाग आजही उभा आहे. तिथे टेकडी घेतली ती दिसण्यासाठी. मांडवीतून येणाऱ्या गलबताला आधी आपला बुरूज दिसला पाहिजे, असा हिशेब. मंडपेश्वरचं टेकाड त्यामानाने बुटकं आहे. दिसण्यासाठीच बांधायचं असतं तर आजूबाजूला याहून उंच डोंगर होते. टेकाड निवडलं ते त्याच्या पोटात आधीच देवस्थान होतं म्हणून. गोव्याचा मठ समुद्राकडे बघून बांधलेला आहे, आपला मठ खाली बघून.

पोर्तुगिजांनी या जागेचं नावही कसं घेतलं बघा. कोतुच्या लिखाणात ते ‘मनापासेर’ होतं. पुढच्या युरोपीय लिखाणात ‘मोंपेझिर’ होतं. ‘मोंत’ म्हणजे टेकडी. मला वाटतं, ‘मंडप’ या शब्दातच त्यांच्या कानाला टेकडी ऐकू आली असावी. म्हणजे देव गेला, पण त्याचं नाव वेषांतर करून राहिलं.

तर आता त्या दोन चुका.

पहिली चूक तुम्हाला घरोघर ऐकायला मिळते. “पोर्तुगिजांनी देऊळ बाटवलं, चिमाजी अप्पांनी सोडवलं.” यातलं बरंचसं खरं आहे आणि ते मऊ शब्दांत सांगायची गरज नाही. योगी गेले, उत्पन्न गेलं, मूर्तींपुढे भिंत घालून त्या झाकल्या गेल्या. बाहेरच्या बाजूला एका फुटलेल्या शिल्पपटाच्या जागी खडकातच कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. तो बघून कोणाला वाईट वाटलं तर ते साहजिक आहे. मलाही वाटतं. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा कोट मराठ्यांनी घेतला, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि साष्टीतली पोर्तुगीज सत्ता संपली. पण म्हणून वरचा मठ लढाईत पडला असं समजू नका. मठाला लढाईपेक्षा मोठा शत्रू म्हणजे उत्पन्न थांबणं. आपल्या भागातल्या त्या काळच्या चर्चांची छपरं बहुतेक लाकडी तुळयांवर आणि कौलांवर होती. कोकणातल्या पावसात कौलं दरवर्षी परतली नाहीत तर काय होतं, हे इथल्या अर्ध्या मंडळींना आजोळच्या घरावरून माहीत असेल. गोव्याच्या त्या प्रचंड चर्चवर कोणी शत्रू चालून गेला नव्हता. १८३५ साली पोर्तुगीज सरकारनेच मठ बंद केले आणि १८४२ साली चर्चची कमानदार छतं कोसळली. सात वर्षं! म्हणून पडक्या भिंती दिसल्या की लगेच तलवार आठवू नये, आधी कौलं आठवावीत.

दुसरी चूक जरा सुशिक्षित आहे. ती भित्तिपत्रकांत आणि वारसाफेऱ्यांत भेटते. “एकाच टेकडीवर शिव आणि येशू, किती सुंदर सलोखा!” मला हे पहिल्या चुकीपेक्षा जास्त खटकतं, कारण यात समोर असलेली भिंत नाकारली जाते. मूर्तींपुढे भिंत घालणाऱ्या माणसाच्या मनात सलोखा नव्हता. वरचा मठ खालच्या गुंफेला नमस्कार करत नाही, तिच्यावर बसतो. आपल्याला आवडणारा अर्थ वास्तूच्या तोंडी घालणं हीसुद्धा एक प्रकारची गिलावाच झाली.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो : झाकलं म्हणूनच तर नटराज वाचला! यातलं अर्धं खरं आहे. आतल्या दालनातलं शिल्प बाहेरच्या उघड्या शिल्पांपेक्षा बऱ्या अवस्थेत आहे. पण परिणामाचं श्रेय हेतूला देऊ नये. भिंत लपवायला घातली, तिने थोडं राखलं. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत.

मग नीट कसं बघायचं? वास्तुविशारद इमारत समजावताना ‘छेद’ काढतात. कलिंगड मधोमध कापल्यासारखी इमारत उभी कापायची आणि आत काय कशावर आहे ते बघायचं. मंडपेश्वरचा असा छेद मनात काढा. सगळ्यात खाली गुंफेची जमीन. तिच्यावर खांब. खांबांवर कोरून मागे ठेवलेला खडक, म्हणजे छत. त्या खडकावर मठाची जमीन, तिच्यावर भिंती आणि भिंतींवर एके काळी छप्पर. सहाव्या शतकातल्या खांबांनी सोळाव्या शतकातल्या भिंती डोक्यावर घेतल्या आहेत आणि अजून घेऊन उभे आहेत. गुंफा कोरणाऱ्याने डोक्यावर इमारत येईल असा विचार केला असणं शक्य नाही. त्याच्या कामाचं याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला सुचत नाही.

आता याच छेदात पाऊस पाडा. मठावर छप्पर होतं तोवर ते गुंफेवरही छप्पर होतं. जवळजवळ दोनशे वर्षं गुंफेच्या डोक्यावर छत्री धरलेली होती. छप्पर गेलं तशी चार भिंतींमधली जमीन म्हणजे पाणी धरणारी परात झाली. ते पाणी जाणार कुठे? खडकातल्या भेगांतून खाली, गुंफेच्या छतातून, खांबांवरून, शिल्पांच्या अंगावरून. भिंतीत उगवलेला पिंपळ मुळं घेऊन त्याच वाटेने खाली येतो. म्हणजे ज्याला खालचा शिव प्रिय आहे त्याने वरच्या मठाची काळजी घेतली पाहिजे, आणि ज्याला वरचा मठ आपला वाटतो त्याने खालच्या खांबांना जपलं पाहिजे. यात कोणाला कोणावर उपकार करायचे नाहीत. गुरुत्वाकर्षणच तसं आहे.

संरक्षित स्मारकांच्या सरकारी यादीत या अवशेषांची ओळख ‘गुंफेवरचा जुना पोर्तुगीज मठ’ अशी होते. मला तो ‘वरचा’ शब्द फार महत्त्वाचा वाटतो. पण आपण तिथे गेलो की काय करतो? देवाला आलेला माणूस खाली हात जोडून जातो. फोटो काढणारा वर भिंतीत उभं राहून फोटो काढून जातो. पुढच्या मैदानात क्रिकेट खेळणारी मुलं चेंडू शोधायला तेवढी दोन्हीकडे जातात. (हशा) छेदाचं एक चित्र, ज्यात वरखालचं नातं दिसेल, त्या मैदानाच्या कडेला उभं करायला हवं. दीड वीत मजकुराच्या फलकापेक्षा ते जास्त बोलेल.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी दगडाबाहेरची आहे. साचा जुना ठेवायचा आणि आतला देव बदलायचा, ही रीत या मंडळींनी भाषेतही वापरली. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश या फ्रान्सिस्कनाचं ख्रिस्ताच्या दुःखभोगावरचं मराठी पुराण १६५९ साली लिस्बनमध्ये छापलं गेलं. पुराण हा शब्द आपला, रचनेची चाल आपली, कथा येशूची. पुढे साष्टीच्या ख्रिस्ती गावांमधून ते उपासकाळात गायलं जाई. ज्या लोकांना आज आपण ईस्ट इंडियन म्हणतो, त्यांनी ते आपलं केलं. सक्तीने आलेली गोष्ट तीनशे वर्षांनी सक्तीची राहतेच असं नाही. टेकडीलाही हे लागू आहे. इंग्रजी अमलात इथे पुन्हा ख्रिस्ती वस्ती आणि उपासना रुजली. आज शेजारी इमॅक्युलेट कन्सेप्शनचं चर्च आहे, फ्रान्सिस्कन ब्रदरांच्या शिक्षणसंस्था आहेत, त्यात एक अभियांत्रिकी महाविद्यालयसुद्धा आहे. धर्मांतरितांच्या मुलांच्या शाळेपासून सुरू झालेली टेकडी आज सगळ्या जातिधर्मांची मुलं शिकवते. आणि गुंफेत शंकराची पूजा होते. हे दोन्ही आज जिवंत आहे. मात्र याला सलोखा म्हणण्याआधी मला कोणाच्या तरी तोंडून ‘ती भिंत घातली गेली होती’ हे ऐकायचं असतं, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ‘तरी वरच्या भिंती पडू द्यायच्या नाहीत’ हे ऐकायचं असतं.

शेवटी एक. या टेकाडावर पाशुपत राहिले, पुढे योगी राहिले, नंतर फ्रान्सिस्कन आले. तिघेही घर सोडलेले, भिक्षेवर जगायची शपथ घेतलेले. आणि तरी एकाने दुसऱ्याला तिथून हलवलं. वैराग्याला जागेचा मोह नसतो असं आपण समजतो. मंडपेश्वर बघितल्यावर मी तसं म्हणणं सोडून दिलं.



प्रश्नोत्तरं

प्रश्न : मग मठावर पुन्हा छप्पर घालावं असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर : नाही. जुन्यासारखं नवं चर्च बांधून काहीच साधणार नाही. उलट खांबांवर नवा भार येईल. माझी मागणी अगदी घरगुती आहे. वरच्या जमिनीला नीट उतार द्या, पाणी बाहेर काढा, भेगा चुन्यानेच बुजवा, सिमेंट थापू नका, आणि भिंतीतलं झाड लहान असतानाच काढा. जुनी वास्तू वापरात राहिली की टिकते हेही खरं आहे. आपल्याच घोडबंदरला इंग्रजांनी पोर्तुगीज चर्चचा कलेक्टरचा बंगला केला होता. त्यातून धर्म वगैरे काही सिद्ध होत नाही, डोक्यावर छप्पर मात्र राहिलं. इथे वापर म्हणजे बघणाऱ्यांची ये-जा, एवढं पुरे.

प्रश्न : मी डोंबिवलीहून आले आहे. मुलांना घेऊन जायचं तर आधी काय दाखवू?

उत्तर : ताई, आधी वर जा. सगळेजण आधी गुंफेत जातात आणि मग वर गेल्यावर थकलेले असतात. वर भिंतींच्या मधोमध मुलांना उभं करा आणि सांगा, तुमच्या पायाखाली आत्ता कोणीतरी पूजा करत असेल. मग खाली या. जमलं तर ऑगस्टमध्ये, चांगला पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. गुंफेत छत कुठे ठिबकतंय ते मुलांना शोधू दे, आणि मग पुन्हा वर जाऊन त्याच जागेच्या डोक्यावर काय आहे ते बघू दे. माझं आजचं तासाभराचं व्याख्यान त्यांना दहा मिनिटांत कळेल.